पाणी देऊ नये

"हिला ठाव नाय वाटतं," बायकांच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.

"ठाव कसं असंल? ही व्हती कुठं हितं," दुसरी म्हणाली.

मी शाळेच्या व्हरांड्यात फळ्याच्या शेजारी उभी होते आणि नुकतंच एक वाक्य मराठीत सांगून संपवलं होतं. वाक्य माझं नव्हतं. खोपोलीकडच्या एका कारखान्यातले सुरक्षा अधिकारी त्या उन्हाळ्यात दर रविवारी आमच्या चौक गावात येऊन प्रथमोपचाराचा वर्ग घेत. रस्त्यावर अपघात फार व्हायचे, आणि पोलीस किंवा डॉक्टर येण्याआधी जखमी माणसाला हात लागायचा तो गॅरेजवाल्यांचा, ढाबेवाल्यांचा, नाहीतर शाळेच्या पोरांचा. म्हणून हा वर्ग. सर केरळकडचे. मराठी त्यांना येत नव्हतं आणि हिंदी बोलताना ते स्वतःच थांबून थांबून हसायचे. ते इंग्रजीत सांगत आणि मी मराठीत.

त्या दिवशी ते म्हणाले की अपघातातल्या माणसाला काही पाजू नये, आणि तो बेशुद्ध असेल तर पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घालू नये. मी सांगितलं, "सर सांगतात, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि तो गुदमरून मरू शकतो." श्वासनलिका हा शब्द मी शब्दकोशात शोधून ठेवला होता. तो न अडखळता म्हणता आला म्हणून मला बरं वाटलं होतं. तेवढ्यात ती कुजबुज कानावर आली. मी समोर पाहिलं तर माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे खांबाजवळ बसलेल्या एका बाईकडे पाहत होते.

ती आमच्या गॅरेजच्या शेजारची चहावाली काकी. ती उठली, पदर खोचला, बाजूच्या बाईला म्हणाली, "चुलीवर दूध हाय गं," आणि गेली. तिच्या दुकानातलं दूध सकाळीच संपतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सरांनी मला विचारलं, काही झालं का? मी म्हटलं, नाही सर. मग ते रक्तस्राव कसा थांबवावा याकडे वळले, आणि तेही मी सांगितलं.

मी लहानपणापासून खंडाळ्याच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढले. वडिलांचं चौकला हमरस्त्यावर गॅरेज. हात कायम ऑइलने काळे, पण मुलीने इंग्रजीत शिकावं हा त्यांचा हट्ट. त्या उन्हाळ्यात शाळेची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले होते आणि निकालाची वाट पाहत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सरांना दुभाष्या हवा असं कळताच वडिलांनी मला न विचारता सांगून टाकलं, "आमची बाय सांगंल की. फाडफाड बोलते." मी चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी. पहिल्या रविवारी 'छाती' हा शब्द मला गॅरेजच्या मुलांसमोर उच्चारायचा होता आणि मी तो इतका हळू उच्चारला, की मागून एकजण म्हणाला, "जरा हवा भर आवाजात, ताय." सगळे हसले. वडीलही हसले.

माझं मराठी शाळेच्या एका पाठ्यपुस्तकातलं. चौकचे लोक म्हणायचे, ही रेडिओवरच्या बाईसारखी बोलते. त्यांना ते आवडायचं. रेडिओवरचं जसं खरं असतं, तसं माझंही खरं मानायचे. याचं मला तेव्हा कौतुक वाटे.

त्या दुपारी घरी आल्यावर मी आईला विचारलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. सांगितलं ते असं.

काकीचा नवरा खडीच्या गाड्यांवर भरणी करायचा. मी वसतिगृहात असताना एका संध्याकाळी तो कुंभिवलीकडून रस्त्याच्या कडेने चालत येत होता आणि मागून ट्रकने त्याला उडवलं. चाक पोटावरून गेलं. लोक धावत काकीला सांगायला आले तेव्हा ती दुकानातल्या माठातून गिऱ्हाइकाला तांब्याने पाणी देत होती. तोच तांब्या हातात घेऊन ती पळाली. गर्दीने तिला वाट दिली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, आणि दवाखान्यात न्यायला टेंपो येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस तिला एकच सांगत होता, की बाकी काही असो, बायकोच्या हातचं पाणी त्याला मिळालं. असं मरण किती जणांच्या वाट्याला येतं? तेव्हापासून तिने दुकानाबाहेर एक मोठा माठ मांडला. चहा घ्या नाहीतर नका घेऊ, पाणी पिऊन जा.

"तेवढंच व्हतं गं तिच्याकडं," आई म्हणाली. "त्याच्यावरच जगत व्हती ती."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं असतं तर. आई म्हणाली, कोण सांगणार, आणि सांगून तू काय केलं असतंस, सरांचं बोलणं गिळलं असतंस का? नियम बरोबर होता. मी तो बरोबर सांगितला होता. म्हणूनच ती लाज कुठे ठेवायची ते मला कळेना. चूक झाली असती तर माफी मागता आली असती. पण भर वर्गात, पाठ केलेल्या शब्दाच्या खुशीत, मी एका बाईला तिने आपला नवरा मारला असं सांगितलं होतं, आणि तेही रेडिओच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी माठ दुकानाबाहेर नव्हता.

उन्हाळ्याचे दिवस. गॅरेजला थांबणारे ड्रायव्हर सवयीने तिकडे वळायचे आणि परत यायचे. एकाने विचारलं, "काय काकी, दुष्काळ पडला काय?" मी गॅरेजच्या मागच्या खोलीत वडिलांच्या पावत्या लिहीत होते. तिचं उत्तर मला तिथपर्यंत ऐकू आलं.

"पानी द्याचं नाय, असं निंगालंय आता."

ती हे चिडून बोलली नव्हती. नवा सरकारी नियम सांगावा तसं बोलली. ड्रायव्हर हसला आणि गेला. त्यानंतर मी पुढच्या दाराने जाणं सोडलं. नळावर जायचं तरी मागच्या बोळातून. कधी समोरासमोर आलोच तर मी चप्पल बघत चालायचे. ती मला हाक मारत नव्हती, पण टाळतही नव्हती. टाळत होते ती मीच.

पुढच्या रविवारी ती वर्गाला आली नाही. मी गेले. न जाण्याची हिंमत नव्हती. त्या दिवशी हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची हे शिकवायचं होतं. सरांकडे त्यासाठी पुतळा नव्हता, म्हणून वडिलांनी ट्रकची एक ट्यूब अर्धवट हवा भरून आणली, वर गोणपाट टाकलं आणि त्याला कुणाचा तरी जुना शर्ट घातला. मुलांना चेव चढला. "आरं हळू, पंक्चर करशील पेशंटला." "मेला तर मालक पॅच मारून देतील." ढाब्याच्या आचाऱ्याने इतका जोर लावला, की ट्यूब त्याच्या हाताखालून निसटून बायकांच्या रांगेत गेली. सगळे पोट धरून हसत होते. मी मात्र प्रत्येक वाक्य सांगण्याआधी एकेका चेहऱ्याकडे बघत होते. तुझं कोण गेलंय? तू कुणाला उचलून नेलं होतंस? हे वाक्य कुणाला लागेल? आणि मग अर्ध्या आवाजात काहीतरी सांगत होते. सरांना ते जाणवलं. मोठ्याने बोल, ते म्हणाले, हे त्यांच्या कामाचं आहे.

त्याच आठवड्यात एका दुपारी काकी आमच्या मागच्या दारी आली. आई झोपली होती. मी ओट्यावर चिंच सोलत होते. ती उंबऱ्याबाहेरच बसली.

"बाय, तुजा सर काय म्हनला व्हता, त्ये पुन्ना सांग."

मी सुरुवात केली. "बेशुद्ध माणसाच्या" इथपर्यंत आले आणि पुढे जाता येईना. मग तिनेच विचारलं.

"मंग आमचं मानूस माज्या हातानं गेलं का?"

मी त्या क्षणी काहीही म्हणू शकले असते. नाही, काकी, एवढं एक म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "मी सरांना विचारते."

"ईचार," ती म्हणाली. चिंचेची टरफलं माझ्या मांडीवरून खाली पडली होती, ती तिने गोळा करून सुपात टाकली आणि उठून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. रविवारपर्यंत तिला वाट पाहायला लावून मी सरांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले होते.

शेवटच्या रविवारी ती आली ती थेट पुढे येऊन बसली. सरांनी सगळी उजळणी घेतली. मुलांनी एकमेकांना झोळीच्या पट्ट्या बांधल्या, काठ्यांची स्ट्रेचर केली. पाण्याचा नियम आला तेव्हा सर म्हणाले, हा सर्वांना पाठ आहे ना? दोन-चार माना हलल्या. मी तो पुन्हा सांगितला नाही. सरांना वाटलं असेल, पाठ आहे.

वर्ग संपला तरी कुणी उठेना. गावाला कसं कळतं देव जाणे, पण आज काही विचारलं जाणार आहे हे सगळ्यांना माहीत होतं. काकीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी सरांना इंग्रजीत सगळं सांगितलं. ट्रक, चाक, तांब्या, तेरावा. सर पट्ट्यांचा पत्र्याचा डबा बंद करत होते, ते थांबले. एवढे रविवार तुम्ही मला का नाही सांगितलंत, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं.

त्यांनी विचारलं, पाणी त्याने स्वतः मागितलं का? गिळलं का?

मी काकीला विचारलं.

"मागितलं की. घसा सुकलाय गं, म्हनले. दोन घोट प्याले आन हातानं तांब्या सारला, बास म्हनले." तिने आपल्याच हाताने तांब्या बाजूला सारून दाखवला. हे तिने याआधी कुणाला सांगितलं नसावं, कारण बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

मी सरांना सांगितलं. सर बराच वेळ बोलले. म्हणाले, म्हणजे तो शुद्धीवर होता. गिळत होता, तेव्हा पाणी श्वासात गेलं नसावं. पोटावरून चाक गेल्यावर आत रक्तस्राव झाला असणार, बहुधा त्यानेच तो गेला. पोटाच्या जखमेतही पाणी देत नाहीत, हे खरं. पण त्या दोन घोटांनी फरक पडला असेल असं वाटत नाही. मात्र मी डॉक्टर नाही. मी तिथे नव्हतो. खात्रीने सांगता येणार नाही. मग आवाज खाली आणून ते मला म्हणाले, तिला हे कसं सांगतात ते मला माहीत नाही. तू सांग.

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागे तिच्या शेजारणी, त्यांच्या मागे गॅरेजची मुलं, आणि कडेला भिंतीला टेकून माझे वडील. सरांच्या बोलण्यात किती 'बहुधा' आणि 'असावं' होती हे मला एकटीलाच ठाऊक होतं. ती सगळी जशीच्या तशी दिली असती तर माझं काम चोख झालं असतं, आणि काकीने ती एकेक करून घरी नेली असती. आतापर्यंत प्रत्येक वाक्याआधी मी 'सर सांगतात' असं म्हणत आले होते. आताही म्हणता आलं असतं. पण मी जे बोलणार होते ते सरांनी सांगितलं नव्हतं.

मी खाली तिच्यासमोर बसले. माझा आवाज नीट लागला नाही, तरी मागच्यांनाही ऐकू जाईल इतका निघाला.

"काकी, त्यांनी मागितलं आणि तू दिलंस. काका पाण्यानं नाही गेले. ट्रकनं गेले."