मागच्या दारचा माठ

नव्या माठात पहिलं पाणी ओतलं की ओल्या मातीचा वास सुटतो आणि मी नेरडीगोंड्याच्या घरी पोचते.

आमच्या जिल्ह्याचे तोडून चार जिल्हे केले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबांना लकवा झाला. पातळ काहीही गिळलं की ठसका लागायचा. ते छातीत उतरेल, साधं पाणी देऊच नका, असं निर्मलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आई त्यांना टेकून बसवायची आणि ज्वारीच्या पिठाची दाट कांजी चमच्याने भरवायची.

एका दुपारी शेजारचे काका नव्या जिल्ह्यांच्या गप्पा घेऊन आले. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, म्हणून मी तांब्या पुढे केला. ते वरून घटाघटा प्यायले. बाबा त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. मग जड जिभेने आईला म्हणाले, “मले बी पानी दे ना. काऊन देऊन नाई राह्यली?”

“डाक्टरले इचारून देतो,” म्हणत आईने कांजीचा चमचा पुढे केला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

त्या संध्याकाळी आईने ओसरीवरचा माठ मागच्या दारी हलवला. नजरेसमोरून गेला की तहान विसरतील, असं आम्हाला वाटलं.

बाबांना जाऊन वर्षं झाली. माठ परत ओसरीवर आलाय. आई मात्र तांब्या भरून घेते आणि प्यायला अजून मागच्या दारी जाते.