राखणदाराची जागा

आमच्या ऑफिसच्या माळ्याचं नाव मी नऊ वर्षांत कधी विचारलं नाही. गोव्यात डिचोलीला काजूच्या उतारावर आमच्या संगणक कंपनीचं मुख्य कार्यालय बांधताना, आंब्याखालच्या राखणदाराच्या, म्हणजे त्या जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, दगडासाठी कुंपणाच्या भिंतीला वळण घ्यायला लावलं ते त्यानेच. रोज सकाळी तो चपला काढून तिथे दिवा लावायचा.

पुढे कंपनी बेंगळुरूला गेली, जागा एका कॉलेजने घेतली. काल बसमधून तिथे जेसीबी दिसला आणि मी धसकून उतरलोच. भिंत आडवी झाली होती. पण आंब्याखाली जेसीबीचा ड्रायव्हर अनवाणी, हात जोडून उभा होता आणि माळी नारळ ठेवून, त्याला सांभाळून घे म्हणत, राखणदाराला गाऱ्हाणं घालत होता.

मला पाहून माळी हसला आणि दगडाकडे हात करत म्हणाला, "भियालात, साहेब? कंपनी काय, कॉलेज काय, सगळे भाडेकरू. मालक हंयच आसा."

नऊ वर्षांत कधी काढले नव्हते, ते बूट काल मी तिथे काढले.