पित्त उठतं तेव्हा

दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या दोन्ही हातांवर लाल गांधी उठल्या होत्या आणि ती कराकरा खाजवत होती.

"कसली तरी ॲलर्जी असेल," ती म्हणाली.

"कसली ॲलर्जी? पित्त उठलंय," म्हणत सासूनं पिशवीतून डबी काढली आणि आमसूल भिजवलेलं पाणी तिच्या हाताला हलकेच चोळायला घेतलं.

वात, पित्त, कफ यांतला हा वैद्यांचा शब्द घरोघरी कधी रुळला, कोण जाणे. मी आपली गोळी घेऊन मोकळी होणारी. तरी हा शब्द मला मायाळू वाटतो. ॲलर्जी म्हटलं की आपण साबण, मासे, धूळ असा बाहेरचा गुन्हेगार शोधत बसतो. पित्त म्हटलं की घरातलं कुणीतरी जवळ येऊन विचारतं, जागरण झालं का? उपाशी राहिलीस का? कशाचा राग आलाय का?

"काल जेवली नाहीस ना?" सासूनं विचारलं.

सून खाजवायची थांबली.

"माझं बोलणं इतकं मनाला लावून घेऊ नये गं."

सुनेनं दुसरा हात पुढे केला.