बाईंची बाजू

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणायचो. कोणतीही वस्तू घेण्याआधी त्या बोटांनी ठोकून तिचा आवाज ऐकत. मडकं असो, भोपळा असो, दाराची फळी असो. मला बघायला आल्या तेव्हा माझं कपाळही ठोकतील की काय, अशी मला धास्ती होती. त्यांनी एवढंच विचारलं, "सातवी झाली म्हणते. पुढं शिकाचं हाय का?" मी हो म्हटलं.

लग्न होऊन कामठ्याला आले, त्याच सुमारास गोंदियाच्या रेल्वे बंगल्यातला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला. त्यानं सामान विकायला काढलं होतं. बाई गेल्या होत्या कपाटासाठी. बैलगाडीतून आलं ते महोगनीचं भलंमोठं टेबल. साहेबाच्या पुस्तकांच्या खोलीतलं. दोन्ही बाजूंना खण, समोरासमोर बसून दोघांनी लिहावं असं.

मामंजी संतापले. "हे कायले आणलं?"

"सून मॅट्रिकचा अभ्यास करून राहिली. तिनं का चुलीवर लिवावं?"

टेबल दारातून आत जाईना. मामंजी म्हणाले, पाय कापा. बाईंनी कुदळ मागवली. "भिंत मातीची हाय, उद्या लिपता येते. टेबल कापलं तं कोण जोडून देईन?"

दुपारी मी पुस्तक उघडलं की बाई सूप घेऊन समोरच्या बाजूला बसत आणि लाखोळीची डाळ निवडत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण सासूच तिथं बसलेली म्हटल्यावर सुनेला कामासाठी हाक मारायची कुणाची छाती होत नसे. कुणी डोकावलंच तर त्या म्हणत, "आमी कामात हावो."

मी नापास झाले. मामंजींनी लगेच गोंदियाच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला टेबल बघायला बोलावलं. मीही बाईंना म्हटलं, द्या विकून, मला नाही जमत. व्यापारी हिंदीत लाकडाची तारीफ करत होता. तेवढ्यात बाई सूप घेऊन आल्या आणि आपल्या बाजूला बसल्या. "सेठजी, नापास सून झाली, मी नाही झाली. माही डाळ निवडाची जागा हाय हे." तो हसत निघून गेला. मग मला म्हणाल्या, "रडून झालं असन तं पुस्तक आन."

पुढच्या खेपेला पास झाले. गावातल्याच शाळेत नोकरी लागली. मी पहिल्यांदा शाळेत निघाले तेव्हा बाई रस्त्यापर्यंत आल्या. त्याच हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मी टेबलाशी वह्या तपासायला बसे, पण समोर बघवत नसे.

काही महिन्यांनी तोच व्यापारी पुन्हा आला. "अब तो बेच दो, पाटील." मामंजी उठून माझ्या खोलीच्या दारापाशी आले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते. काही सांगायचं तर बाईंच्या तोंडून.

"सुनबाई, काय सांगू त्याले?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

ते ओसरीवर परत गेले. "नाही विकाचं," त्यांचा आवाज आला. "सुनेचं काम चालू हाय त्याच्यावर. चहा घ्या."