अर्धं शटर

आमच्या अमरावतीच्या घराला गॅरेज आहे, असं घरात कोणी म्हणत नाही. आम्ही त्याला शटर म्हणतो. गाडी शटरात लाव, कोबी शटरात ठेव, पोट्टी शटरात खेळून राहिली, असं. सासरची मंडळी वलगावची, भाजी आणि फुलं पिकवणारी. शेत अजून तिकडंच आहे. शहरात घर बांधलं तेव्हा पुढची खोली मुद्दाम मोठी काढली आणि तिला दुकानासारखं लोखंडी शटर बसवलं. आत गाडी मावते आणि मागे भाजीचे कॅरेट रचता येतात.

मी अकोल्याची. मला राग आला की घरचे तो अकोल्याच्या उन्हाच्या नावावर टाकतात. टाकू देत. पण त्या शटरावरून मला आलेला राग उन्हाचा नव्हता, आणि तो गेलाही नाही. आज लिहायला बसले तरी हात गरम होतो.

तर, शटराच्या वरच्या पाइपातली स्प्रिंग ढिली पडली होती. चांगलं शटर जिथं सोडाल तिथं थांबतं. आमचं सोडलं की धाडकन खाली यायचं. यावर घरानं शोधलेला उपाय म्हणजे टेकू. शेतातल्या मोडक्या डवऱ्याची, म्हणजे कोळपणीच्या औताची, एक सागवानी दांडी होती, ती खाली उभी करायची आणि तिच्यावर शटर टेकवायचं. तेही पूर्ण वर नाही. कमरेइतकं.

कमरेइतकंच का, तर त्याला कारण होतं. दिवेलागणीला दार लावलं तर आलेली लक्ष्मी परत जाते, हे सासूबाईंचं ठाम मत. घराला बाजूनं नेहमीचं दार आहे. पण माल शटरात, तेव्हा लक्ष्मी यायची तर शटरातूनच येणार, असा त्यांचा हिशेब. पूर्ण उघडं ठेवलं तर मोकाट गायी कोथिंबिरीवर तुटून पडतात, आणि पूर्ण लावलं तर लक्ष्मी रुसते. म्हणून अर्धं. माझ्या माहेरीही दिवेलागणीला दार उघडंच असतं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण दार उघडलं की बाजूला होतं. शटर डोक्यावर लटकून राहतं. एवढी साधी गोष्ट त्या घरात कोणालाच दिसत नव्हती.

मी सांगायची. आधी गोडीनं, मग चिडून. नवरा म्हणायचा, "झेंडूचा सीझन होऊ दे, मंग पाहू." झेंडू झाला की कोबी, कोबी झाला की संत्री. आमच्याकडे कशाचा ना कशाचा सीझन असतोच. माणूस वाईट नाही तो. पोरीला खांद्यावर घेऊन अख्खं शेत फिरवतो. पण घरातली मोडलेली वस्तू जोवर कशीबशी चालते, तोवर ती त्याच्या लेखी मोडलेली नसतेच.

आमची लेक तेव्हा पहिलीत होती. तिला बाजूचं दार आवडत नसे. नुसती मान झुकवून शटराखालून जाता येणारी घरात ती एकटीच, त्यामुळे तो रस्ता तिनं स्वतःच्या मालकीचा करून टाकला होता. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर.

एका संध्याकाळी नवरा कॅरेट ओढत बाहेर आणत होता आणि मी बाजूच्या पायरीवर मेथी निवडत बसले होते. लेक चेंडू आणायला आत पळाली. त्याच वेळी कॅरेटचा कोपरा दांडीला लागला. दांडी सरकली आणि शटर खाली आलं. आवाज असा झाला की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. मी धावत बाजूच्या दारानं आत गेले. लेक आत उभी होती, एका पायात चप्पल घालून. दुसरी चप्पल शटराखाली चेपून कागदासारखी झाली होती. पाय तिनं नुकताच उचलला होता.

मी तिला छातीशी धरलं ते किती वेळ धरलं, मला माहीत नाही. ती "मम्मी, माही चप्पल" म्हणून रडत होती आणि मी तिचं पाऊल पुन्हा पुन्हा चाचपत होते.

आता माणसाला वाटेल, इथं तरी घर जागं झालं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी शटरापुढे नारळ फोडला. पोर वाचली म्हणून. तिथवर माझीही ना नव्हती. पण मग त्यांनी त्या दांडीला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, हात जोडले.

"हिनंच इतके दिवस धरून ठेवलं बाप्पा," त्या म्हणाल्या. आणि नवऱ्यानं ती पूजलेली दांडी उचलून पुन्हा शटराखाली लावली.

माझं डोकं फिरलं. त्याच्या पुढच्या सकाळी नवरा शेतावर गेल्यावर शटर खाली घेतलं, दांडी परसात नेली, कुऱ्हाडीनं तिचे तुकडे केले आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातले. सागवान छान जळलं. सासूबाईंनी त्याच पाण्यानं अंघोळ केली, आणि मग मी त्यांना सांगितलं की पाणी कशावर तापलं.

घरात जे झालं ते झालं. पूजेचं लाकूड जाळलं म्हणून सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी शटराला कुलूप ठोकलं आणि चाबी कमरेला खोचली. गाडी रस्त्यावर उभी राहू लागली, कॅरेट अंगणात ताडपत्रीखाली. अकोल्याहून माझ्या आईचा फोन आला, बातमी तिथवर पोचली होती.

"काहून वाद घालून राहिली वं? तुले तिथंच राहायचं हाय ना?"

"तिथंच राहायचं हाय," मी म्हटलं, "म्हणूनच घालून राहिली."

दसरा जवळ आला. एका संध्याकाळी नवरा झेंडूनं भरलेला टेम्पो घेऊन आला. सोबत शेतातला एक जाडजूड बांबूही आणला होता, नवा टेकू म्हणून. अंगणात शेजारच्या बाया सासूबाईंजवळ बसलेल्या होत्या.

"चाबी दे," तो म्हणाला. "झेंडू रात्रभर बाहेर ठेवू काय?"

"बांबू मजबूत हाय?"

"हत्ती उभा कर त्याच्यावर."

मी कुलूप काढलं. त्यानं जोर लावून शटर कमरेइतकं उचललं आणि मी स्वतः बांबू खाली लावला. त्याला वाटलं, बायको शेवटी वळणावर आली. बायांनाही तसंच वाटलं असावं.

"आता बसा," मी म्हटलं.

"कुठी?"

"इथं, शटराच्या बरोबर खाली. तुमची पोट्टी जाते तिथं. पाय पसरून बसा, मी चहा आणून देतो."

तो हसला. "येडी झाली का वं?"

"बांबू मजबूत हाय ना? मंग बसा."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. त्यानं वर शटराकडे पाहिलं, मग बांबूकडे. एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. मी त्याच्या डोळ्यांत पाहत होते. मला त्या क्षणी त्याची अजिबात दया आली नाही.

"मले काम हाय," तो म्हणाला. "झेंडू उतरवाचा हाय."

"बस ना लेका," सासूबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच माझ्या बाजूनं काही बोलल्या होत्या, आणि मलाही ते लगेच कळलं नाही.

"आई, तू बी?"

"चहा पिऊन होईपर्यंत तर बस."

तो बसला नाही. सगळ्यांनी पाहिलं की तो बसत नाही. सासूबाई उठल्या, त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बसत नाईस. अन् मी पोट्टीले रोज जाऊ दिलं तिथून." मग त्यांनी त्याला बांबू काढायला लावला आणि शटर पूर्ण खाली घ्यायला लावलं, ऐन दिवेलागणीला. "शटरवाल्याले फोन लाव," त्या म्हणाल्या. "आत्ताच लाव, माह्यासमोर."

झेंडू रात्रभर अंगणात राहिला. एक फूल वाया गेलं नाही.

स्प्रिंग नवी बसली, बाजूच्या खाचांत ग्रीस भरलं. शटर आता अर्धं कधीच नसतं. एक तर पूर्ण वर असतं, नाहीतर पूर्ण खाली. आमच्या गल्लीत मात्र अजून बोलतात की या बाईनं चारचौघांत नवऱ्याचा अपमान केला. केला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. लेक आता रोज अंगणात मैत्रिणींसोबत लंगडी खेळते. एका पायावर उड्या मारत सगळ्यांना बाद करते, आणि दमली की दुसरा पाय जमिनीवर टेकते.