बांगडीवाली छत्री

मी चिखलीची. लग्न होऊन वरवट बकालला आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेलेली होती. उजेड आणि सावली एवढंच कळे, तेही पाण्याखालून पाहिल्यासारखं. शेत बटईनं दिलेलं. नवरा सकाळच्या बसनं नांदुऱ्याला कामाला जाई. मग घरात आम्ही तिघंच, सासूबाई, सासरे आणि मी. सासऱ्यांशी माझं बोलणं 'मामाजी, चहा' एवढंच होतं.

पहिल्याच श्रावणातली गोष्ट. एका सकाळी ते बाजेवर उठून बसले आणि मान वर करून कितीतरी वेळ हवा हुंगत राहिले.

"छत्र्या निंगाल्या असतीन," ते म्हणाले.

आमच्या चिखलीच्या घरी छत्र्या कधी शिजल्या नव्हत्या. कुत्र्याची छत्री म्हणून आम्ही त्या पायानं उडवायचो. पण सासूबाईंनी लगेच दुरडी काढली. "जाय बाई, तू जाय त्यायच्यासंगं. नाई तर एकलेच जातीन अन् पडतीन कुठी."

काठीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. असे आम्ही सातपुड्याच्या बाजूनं निघालो. धुकं इतकं दाट होतं की डोंगर नव्हताच, नुसती एक निळसर जागा होती, आणि तिकडून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येई. पराटीच्या, कपाशीच्या ओळी थोड्या अंतरावर जाऊन विरघळत. मला वाटलं, आज मलाही मामाजींइतकंच दिसतंय. ते मात्र मजेत चालत होते. "डाव्या हाताले बाभूळ आली का? मंग आता नाला लागीन." बाभूळ आलेली असे आणि नालाही लागे.

नाल्यापलीकडे, पडक्या गोठ्याजवळच्या गवतात मला त्या दिसल्या. पांढऱ्याशुभ्र, ताटलीएवढ्या, गोल रिंगण धरून उभ्या. मी ओरडलेच, "मामाजी, कितीतरी आहेत!"

ते खाली बसले. एक उपटून त्यांनी माथ्यावरून अंगठा फिरवला, मग देठावरून बोटं खाली नेली आणि थांबले. माझा हात धरून त्यांनी माझं बोट तिथं टेकवलं. देठाभोवती कातडीचं एक कडं होतं. बोटानं ढकललं की वर-खाली सरकायचं.

"बांगडी हाये. ही नाई घ्याची."

"पण किती छान दिसते!"

"दिसत असंन. मले कुठी दिसते?" ते हसले आणि हात झटकून उठले.

खरी छत्री पुढं बांधाजवळच्या वारुळावर भेटली. मातकट रंगाची, साधी. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. माथ्याच्या मधोमध एक टणक टोक होतं. देठावर बांगडी नव्हती. देठ जमिनीत शिरून मुळीसारखा खोल खोल गेलेला, थेट वाळवीच्या घरापर्यंत. मोडून नाकाशी धरली तर भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाचा वास आला. "सारं जमलं तं घ्याची. एक जरी नाई जमलं, तं राहू द्याची." मिटल्या डोळ्यांनी मी एकेक उकरत होते. बोटांखाली माती उबदार होती, आणि मामाजी शेजारी बसून काहीतरी गुणगुणत होते. तो तास किती लांब होता, मला आजही सांगता येणार नाही.

पण परत येताना गोठ्याजवळ मी काठी सोडली, चप्पल अडकल्याचं सांगितलं आणि त्या पांढऱ्या छत्र्यांतल्या दोन पदरात घातल्या. का? त्या मी शोधलेल्या होत्या. माझे डोळे धडधाकट होते. आणि घरी मोबाइलवर पाहिलं तर हुबेहूब तसाच फोटो निघाला, खाली लिहिलेलं, खाण्याजोगी. सासूबाई वारुळावरच्या निवडत असताना मी एक तव्यावर मीठ लावून भाजली आणि खाल्ली. चव खरंच छान होती.

दोन तासांनी पोटात पिळवटून आलं. उलट्या थांबेनात. शेजाऱ्याच्या गाडीतून मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावली. छत्री खाल्ली एवढंच मी सांगितलं, कोणती ते नाही. नळीतून थेंब पडताना पाहत मी पडून होते. मधूनमधून ते धुकं पुन्हा भोवती येई, आणि त्यात मी काठीचं टोक चाचपत राही. नवरा नांदुऱ्याहून धावत आला. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं."

दुसऱ्या दिवशी घरी आले. दुरडीतल्या सगळ्या छत्र्या सासूबाईंनी उकिरड्यावर फेकल्या होत्या. मामाजी भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसले होते. कालपासून जेवले नव्हते.

"डोये गेले तवा मी रडलो नाई," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. "म्हटलं, बोटं हायेत. आता बोटायनंबी दगा देला. लेकराचा जीव गेला असता माह्यानं. मी आता रानात पाय ठेवत नाई."

मी आत गेले. दुसरी छत्री फडताळात तशीच होती. एका दिवसात तिच्या खालच्या पांढऱ्या चुण्यांवर मळकट हिरवी झाक आली होती. ती आणून मी त्यांच्या हातात दिली. त्यांच्या अंगठ्याला बांगडी लागली. ते सावकाश माझ्याकडे वळले.

"मामाजी, तुमची बोटं चुकली नाहीत. तुम्ही नको म्हणालात, मी चोरून आणली. एक खाल्ली."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. नवरा रागानं काही बोलणार, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "काऊन पण, बाई?"

"मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही म्हणून..." मला रडू आलं.

ते बराच वेळ त्या छत्रीची बांगडी वर-खाली करत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आहे का, हे मी शोधत होते. राग नव्हता. घाम पुसावा तसा त्यांनी हातानं चेहरा पुसला आणि सासूबाईंना म्हणाले, "भाकर वाढ. भूक लागली."

जेवण झाल्यावर मला म्हणाले, "चोरून आणाची तं मले पुसून तं चोराची." मी रडता रडता हसले.

त्यानंतर आठ श्रावण आम्ही काठीची दोन टोकं धरून हिंडलो. आता ते फार थकलेत, ओट्यापर्यंतच येतात. पण छत्र्यांचे दिवस आले की बाया दुरड्या घेऊन त्यांच्याकडे येतात. परवा एकजण आली, तेव्हा त्यांनी दुरडीला हातही लावला नाही. "सुनेले दाखव," म्हणाले.

मी ओट्यावर बसून एकेक पाहिली. डोळ्यांनी, मग डोळे मिटून. सगळ्या चांगल्या होत्या, फक्त तीन अशा निघाल्या की माथ्यावर टोक होतं, बांगडी नव्हती, पण देठ आखूड, बुडाशी तुटलेला, आणि वास कशाचाच नाही.

"या कोणत्या हायेत?" तिनं विचारलं.

"मला नाही माहीत. टाकून दे."

"अवं, इतक्या चांगल्या!" ती मामाजींकडे वळली. "मामा, तुमी तं पाहा."

मामाजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. ती कुरकुरत गेली. तीन छत्र्या पायरीवरच ठेवून गेली. मामाजी ओट्यावरच्या बाजेवर थोडे सरकले आणि शेजारच्या जागेवर हातानं थोपटलं. मी जाऊन बसले. समोर ऊन आणि धुकं एकमेकांत मिसळत होतं, आणि आम्ही दोघंही तिकडे तोंड करून होतो.