कस्तुराची शीळ
संध्याकाळी सहाला ऑफिसात माझ्या मोबाइलचा गजर शीळ घालतो आणि मला कोळवणचा ओढा आठवतो. माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर पक्षी पलीकडे गातोय, असं समजून एका संध्याकाळी मी तिथे रेकॉर्डिंग केलं. पक्षी साद देईल म्हणून दुसऱ्या सकाळी तेच मोठ्यानं लावलं, तर करवंदीच्या जाळीतून वीसेक शेरडं धावत आली आणि मला घेरून उभी राहिली. मागून त्यांची मालकीण धापा टाकत आली. “आवं, ही माझी घरी जायची शीळ हाय! आत्ता कुटं चरायला सोडल्यात, उपाशीच न्हिऊ व्हय?” तेवढ्यात खरा कस्तूर शीळ घालू लागला, पण एकाही शेरडानं कान हलवला नाही. पक्ष्यांचा नाद मी तिथेच सोडला. शीळ मात्र गजराला ठेवलीय. ती वाजली की साहेब बोलत असले तरी मी उठतो आणि सरळ घराकडे चालू लागतो.